तीन मिलिमीटरची शेती

गोल्फच्या मैदानात सर्वांत लहान तुकड्यावर सर्वांत जास्त मेहनत खर्ची पडते. अठरा होलचे मैदान झाडी, तळी, वाटा आणि इमारती धरून साधारण दीडशे एकर पसरलेले असते. चेंडू जिथे अखेर खळग्यात जातो, ती अठरा ‘ग्रीन’ एकत्र मोजली तर अडीच-तीन एकरांपलीकडे भरत नाहीत. तरी ७२ फटक्यांच्या मैदानात ३६ फटके ग्रीनवरचे धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ तीन एकरांत. तिथले गवत हंगामात जवळजवळ रोज कापतात आणि कापून झाल्यावर त्याची उंची उरते सुमारे तीन मिलिमीटर. एकावर एक ठेवलेली एक रुपयाची दोन नाणी जेवढी उंच, तेवढी.

एवढ्या उंचीवर राहायचे गवताच्या स्वभावात नाही. गवत अन्न तयार करते ते पानात. पान छाटले की अन्न घटते, अन्न घटले की मुळ्या आखडतात, आणि मुळ्या आखडल्या की दुपारचे ऊन, बुटांची वर्दळ, बुरशी यांपैकी कशालाही तोंड द्यायची ताकद राहत नाही. शेतकरी पीक वाढवतो. इथे पीक मरू न देता वाढू द्यायचे नसते. ही जबाबदारी सांभाळणाऱ्याला अमेरिकेत ‘गोल्फ कोर्स सुपरिटेंडेंट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये जुना ‘ग्रीनकीपर’ हाच शब्द अजून चालतो. हाताखालची माणसे, यंत्रे, पंपघर, औषधांची कोठी, वर्षाचे अंदाजपत्रक हे सगळे त्याच्याकडे असते, आणि क्लबच्या समितीपुढे उत्तर द्यायलाही तोच उभा राहतो.

दिवस खेळाडूंच्या आधी सुरू होतो. पहाटे गवतावर दव असते. ते तसेच राहिले तर बुरशीला आयते अंथरूण मिळते. म्हणून लांब लवचीक बांबू किंवा फायबरची काठी ग्रीनवरून झपकन फिरवून दव झाडतात, नाहीतर रबरी नळी ओढत नेतात. मग कापणी. ग्रीनवर चालते ते रील मोअर. दंडगोलावर बसवलेली पाती खालच्या आडव्या पात्यावर घासून जातात आणि गवत कात्रीत धरल्यासारखे कापले जाते. हे यंत्र १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने काढले. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कापणारी यंत्रे असत, त्यांवरून त्याला ते सुचले. धार बरोबर आहे की नाही हे पाहायची रीत अजून तीच : कागदाची पट्टी पात्यांमध्ये धरून रील हाताने फिरवायचे. कागद कातरला गेला तर ठीक. दुमडला किंवा फाटला, तर ते यंत्र गवतही फाडणार, आणि फाटलेली टोके दुपारपर्यंत पांढरी पडणार. कापणीची दिशाही रोज बदलतात. घड्याळाच्या तबकडीवर काल बारा ते सहा असे पट्टे ओढले असतील तर आज दोन ते आठ. एकाच दिशेने कापत राहिले तर गवत त्या अंगाला झोपते आणि चेंडू तिकडे ओढला जातो.

त्यानंतर खळगा हलवायचा. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. जगात कुठेही गेले तरी हाच. रोज शेकडो पावले खळग्याभोवती फिरतात, म्हणून त्याची जागा रोज बदलतात. दांड्याच्या गोल कटरने नव्या जागी मातीचा दंडगोल सरळ उभा काढायचा, कटर तिरका गेला तर खळगाच तिरका होतो. त्यात धातूचा किंवा प्लास्टिकचा कप बसवायचा, पण कपाची कड जमिनीपासून किमान एक इंच खाली हवी, असा खेळाचा नियम आहे. आता काढलेला दंडगोल कालच्या खळग्यात भरायचा, आणि खरे कसब इथे लागते. तो केसभर वर राहिला तर उद्याचा मोअर त्याचे डोके सोलून नेतो आणि तपकिरी चकती उरते. खाली राहिला तर तिथे खळी पडते आणि चेंडू उडी मारतो. म्हणून तळाशी चिमूट-चिमूट माती घालून किंवा काढून उंची जुळवतात, कडा बोटांनी आत दाबतात, तळवा फिरवून पाहतात आणि वर पाणी घालतात. नवख्या माणसाला हे काम लगेच देत नाहीत. अठरा खळगे नीट बुजवता आले की त्याला हात बसला असे धरतात.

वरची हिरवळ दिसते. कसोटी लागते ती खालच्या एका फुटात. मराठी शेतकऱ्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे : वाफसा. मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. पायांखाली माती सतत दाबली जात असल्यामुळे ग्रीनवर वाफसा टिकवणे शेतापेक्षा अवघड जाते. म्हणून १९६० मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, ग्रीन बांधण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. मार्विन फर्ग्युसन या शास्त्रज्ञाचा तिच्यात मोठा वाटा होता. तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर दहा सेंटिमीटर खडीचा थर, त्यावर तीस सेंटिमीटर मुख्यतः वाळूचे मिश्रण. यातली खुबी उलटी वाटेल अशी आहे. बारीक वाळूतले पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. ते सीमेवर लटकून राहते आणि वरचा भार वाढला की मगच खाली जाते. त्यामुळे मोठा पाऊस झाला तर जास्तीचे पाणी निघून जाते आणि कोरड्या दिवसांत मुळ्यांसाठी थोडा साठा राहतो. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घातल्या तरी त्यांच्या वरची माती ओलीच राहते, तोच हा प्रकार.

वाळूचे महत्त्व त्याआधी शंभर वर्षे एका स्कॉटिश माणसाने ओळखले होते. टॉम मॉरिस १८५१ मध्ये प्रेस्टविकला मैदान राखायला गेला आणि १८६० च्या दशकात सेंट अँड्र्यूजला परतला. हातगाडी कलंडून ग्रीनवर वाळू सांडली आणि त्या जागचे गवत जोमाने आले, तेव्हापासून तो वाळू पसरू लागला, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, पातळ थरांत वाळू पसरण्याची रीत जगभर गेली ती त्याच्या काळापासून. गवताचे मेलेले देठ आणि मुळ्या साचून जमिनीवर स्पंजासारखा थर होतो. त्याला ‘थॅच’ म्हणतात. वाळूने तो विरळ होतो आणि पृष्ठभागही सपाट राहतो. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान रविवारी बंद ठेवण्याचा रिवाज अजून पाळतात. गवताला आठवड्याची सुटी मिळते.

नुसती वाळू पुरत नाही. वर्षातून एक-दोनदा पोकळ सळ्यांच्या यंत्राने ग्रीनला हजारो भोके पाडतात, बोटाएवढे मातीचे तुकडे उपसून काढतात आणि भोके वाळूने भरतात. दोन-तीन आठवडे ग्रीन देवी आल्यासारखे दिसते. क्लबच्या सभासदांची सर्वांत जास्त तक्रार याच कामाबद्दल असते, आणि जो सुपरिटेंडेंट ती ऐकून भोके पाडायचे टाळतो, त्याला पुढच्या उन्हाळ्यात पिवळ्या पट्ट्यांचा जाब द्यावा लागतो. वेळ गवताच्या वाढीच्या दिवसांतच साधावी लागते, आणि खेळाचा मोसमही नेमका तेव्हाच भरात असतो. भांडणाचे मूळ तिथे आहे.

थंड मुलखात ग्रीनवर ‘क्रीपिंग बेंट’ हे बारीक पात्याचे गवत लावतात. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने १९५५ मध्ये आणलेला त्याचा ‘पेनक्रॉस’ वाण कित्येक दशके प्रमाण मानला जाई. उष्ण मुलखात मात्र राज्य आहे ते हरळीचे. शेतकरी जिच्या काश्या वेचून बांधावर वाळत टाकतो आणि भाद्रपदात जिच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या बाजारात येतात, तीच दूर्वा अमेरिकेत ‘बर्म्युडा ग्रास’ झाली. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक हरळीशी संकर केला आणि १९५६ मध्ये ‘टिफग्रीन’, १९६० मध्ये ‘टिफवे’ हे वाण दिले. हे संकर वांझ असतात, बी धरत नाहीत. उसाच्या बेण्यासारखे त्यांचे तुकडे लावावे लागतात. याच बर्टनने टिफ्टनला बाजरीची ‘टिफ्ट २३ ए’ ही नरवंध्य ओळ तयार केली. तिच्या आधारे १९६५ मध्ये भारतात ‘एचबी-१’ ही पहिली संकरित बाजरी आली. गोल्फचे ग्रीन आणि बाजरीची भाकरी यांची गाठ अशी एका माणसाच्या वाफ्यात पडलेली आहे.

रोगांबाबत सुपरिटेंडेंटला दोन दरडींमधून चालावे लागते. नत्र कमी पडले तर ‘डॉलर स्पॉट’ येतो : नाण्याएवढे वाळलेले ठिपके. नत्र जास्त झाले आणि रात्री दमट, उबदार राहिल्या, की ‘ब्राउन पॅच’ किंवा ‘पिथियम’. यातला दुसरा तर एका रात्रीत पट्टेच्या पट्टे झोपवतो. पूर्वी यावर पारा आणि कॅडमियमची संयुगे फवारत, ती आता बाद झाली. आज अमेरिकेत बुरशीनाशक फवारायचे तर राज्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. औषधाची गरजच कमी कशी पडेल, यावर जास्त अभ्यास होतो. हलका रोलर नियमित फिरवला तर डॉलर स्पॉट कमी होतो, हे मिशिगन राज्य विद्यापीठातल्या चाचण्यांत दिसले. रोलर तर ग्रीनवर चेंडू वेगाने धावावा म्हणून फिरवत होते. रोग घटला हा वरचा लाभ.

वाढ रोखणाऱ्या औषधाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ‘ट्रायनेक्सापॅक-इथाइल’ हे द्रव्य गवताची उंच होण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे कापणीचा ताण घटतो आणि गवत दाट होते. आधी ते ठरावीक तारखांना मारत. पण उन्हाळ्यात गवत ते लवकर पचवते आणि मग दाबून धरलेली वाढ उसळून येते. म्हणून तारखेऐवजी उष्णता मोजण्याची रीत आली : रोजचे सरासरी तापमान अंश सेल्सियसमध्ये मांडत जायचे आणि बेरीज २०० झाली की पुन्हा फवारायचे. सरासरी १५ अंश असेल तर तेरा-चौदा दिवस लागतात. २५ अंश असेल तर आठच. नक्षत्र आणि वाफसा पाहून पेरणी करणाऱ्याला यात नवल वाटू नये. दोघेही कॅलेंडरपेक्षा हवेवर विश्वास ठेवतात.

पण बुरशीपेक्षा अवघड प्रतिस्पर्धी म्हणजे वेगाची हाव. १९३५ ची अमेरिकन ओपन स्पर्धा ओकमाँटला झाली. तिथली ग्रीन इतकी वेगवान होती की एडवर्ड स्टिम्पसन या प्रेक्षकाला वेग मोजण्याचे साधन असावे असे वाटले. त्याने खाचेची साधी लाकडी पट्टी केली. १९७० च्या दशकात यूएसजीएने ती ॲल्युमिनियमची करून घेतली. तीन फूट लांबीची ही पट्टी हळूहळू उचलायची. सुमारे वीस अंशांवर चेंडू खाचेतून सुटतो आणि ग्रीनवर जितके फूट धावतो तितका वेग. त्या सुमारास अमेरिकेतल्या ३६ राज्यांत दीड हजारांवर ग्रीन मोजली गेली, तेव्हा सरासरी साडेसहा फूट आली. आज मोठ्या स्पर्धांत बारा-तेरा फूट सर्रास ऐकू येतात. हे साधन दिले होते ते एका मैदानातली अठराही ग्रीन सारखी आहेत का हे पाहायला. क्लबांनी त्याची शेजाऱ्याशी शर्यत लावली. ‘तुमच्याकडे किती?’ हा प्रश्न दूरदर्शनवर स्पर्धा पाहून आलेला सभासद विचारतो, आणि त्याचे उत्तर तीन मिलिमीटरवर अजून एक घाव घालूनच देता येते.

शर्यत कुठवर जाते ते २० जून २००४ च्या रविवारी शिनेकॉक हिल्सला दिसले. अमेरिकन ओपनचा शेवटचा दिवस, कोरडा वारा, आणि आधीच तासून सुकवलेली ग्रीन. सातव्या होलच्या उतरत्या ग्रीनवर पहिल्या जोड्यांचे चेंडू थांबेनात. हलकेच ढकललेला चेंडूही घरंगळत बाहेर जाई. अखेर दोन जोड्यांच्या मध्ये नळीने पाणी मारायची वेळ आली. म्हणजे सकाळी खेळलेल्यांना एक ग्रीन मिळाले आणि नंतर आलेल्यांना दुसरे. त्या दिवशी कुणाचेही फटके पारखाली, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांखाली, गेले नाहीत, मैदानाची सरासरी ७८ च्या वर गेली. रेटीफ गूसन जिंकला. चर्चा मात्र गवताचीच झाली. मैदान किती सुकवायचे हे अशा स्पर्धांत आयोजक ठरवतात, गवताशी रोज राहणारा माणूस त्यांना सल्ला देऊ शकतो एवढेच. धंद्याचे अर्धे शिक्षण म्हणूनच शेतीचे नसून नकार देण्याचे आहे : तोही आकडे समोर ठेवून, समितीचा अध्यक्ष दुखावणार नाही अशा बेताने.

या शिक्षणाची सुरुवात ओहायोतल्या टोलेडो शहराशी दोनदा जोडलेली आहे. तिथल्या इन्व्हर्नेस क्लबला १९२० ची अमेरिकन ओपन भरवायची होती आणि मैदान कसे तयार करावे हे बियाणे विकणाऱ्यांखेरीज कुणी सांगेना. तेव्हा सरकारी कृषिखात्यातले पायपर आणि ओकली हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ मदतीला आले आणि त्याच वर्षी यूएसजीएचा ‘ग्रीन सेक्शन’ हा सल्ला व संशोधन विभाग सुरू झाला. त्यांचे प्रयोगाचे वाफे आर्लिंग्टनला, आज जिथे पेंटागॉन उभे आहे त्या परिसरात होते. दुसरा प्रसंग १३ सप्टेंबर १९२६ चा. यंग्जटाउनचे ग्रीनकीपर कर्नल जॉन मॉर्ली यांच्या पुढाकाराने साठ ग्रीनकीपर टोलेडोच्या सिल्व्हेनिया क्लबात जमले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना काढली. एरवी आपली युक्ती शेजारच्या मैदानाला कळू नये म्हणून जपणारी ही माणसे. ती एकत्र बसून नोंदी ताडू लागली, हा मोठा पालट होता. १९३८ मध्ये नावात ‘सुपरिटेंडेंट’ शब्द शिरला आणि १९५१ पासून संस्था आजच्या ‘जीसीएसएए’ या नावाने चालते. कार्यालय कॅन्ससमधल्या लॉरेन्सला आहे. नावातला हा बदल मानापमानाचा होता. ग्रीनकीपर म्हटले की मजूर समजत. अधीक्षक म्हटले की बैठकीत खुर्ची मिळते.

विद्यापीठेही लवकर आली. मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात १९२७ मध्ये ग्रीनकीपरांसाठी हिवाळी वर्ग सुरू झाला, कारण बर्फाच्या दिवसांत ते मोकळे असत. पेनसिल्व्हेनियात मेरियन क्लबचे जो व्हॅलेंटाइन यांनी तगादा लावल्यावर १९२९ मध्ये गवत-संशोधन सुरू झाले. गवताची माहिती विद्यापीठातून जाते आणि प्रश्न मैदानातून येतात, हा दुतर्फी व्यवहार तिथे मुरला. आज पदवीधर तरुण आधी उमेदवारी करतो, मग सहायक, मग मुख्य. सहायक म्हणून दहा-दहा वर्षे काढणारेही असतात, कारण मैदाने ठरलेली आणि उमेदवार पुष्कळ. मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात देशभरचे सुपरिटेंडेंट रजा घेऊन यजमान मैदानावर बिनपगारी पहाटपाळी करतात. स्वतःच्या मैदानावर साहेब असलेला माणूस तिथे बंकरमधली, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांतली, वाळू दाताळ्याने ओढतो आणि दुसऱ्याच्या कामाची पद्धत पाहून परततो. याहून चांगली कार्यशाळा सापडणे कठीण.

१९७१ पासून जीसीएसएए ही संघटना ‘प्रमाणित सुपरिटेंडेंट’ ही पदवी देते. शिक्षण, अनुभव आणि लेखी परीक्षा तर आहेच; पण वजन आहे ते भेटीला. आधीच प्रमाणित झालेले दोन समव्यवसायी उमेदवाराच्या मैदानावर येतात. ग्रीन तर ते पाहतातच, शिवाय औषधांची कोठी, यंत्रे धुण्याच्या जागेचे पाणी कुठे जाते, नोंदवह्या, कामगारांची सुरक्षा, अंदाजपत्रक हेही पाहतात. मिळालेले प्रमाणपत्र कायमचे नसते; पाच वर्षांनी नवे शिक्षण दाखवून ते पुन्हा मिळवावे लागते. संघटनेच्या आग्रहाने पाणी, खते आणि औषधे यांच्या उत्तम पद्धतींची पुस्तिका अमेरिकेच्या ५० ही राज्यांनी आपापल्या हवामानाप्रमाणे तयार केली. त्यात सद्भावना आहे तसा स्वार्थही आहे : पाणी तोडायची वेळ आली की पहिले बोट गोल्फच्या मैदानाकडे जाते, आणि तेव्हा हातात आकडे लागतात. ब्रिटनमध्ये हेच काम १९८७ मध्ये स्थापन झालेली ‘बिग्गा’ ही संघटना करते.

भारतात गोल्फचा क्लब १८२९ मध्ये कलकत्त्यात निघाला. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब. गवताच्या ग्रीनची चैन मात्र सगळीकडे नव्हती. कोरड्या छावण्यांत तेल घालून दाबलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत आणि खेळून झाले की फरगड्याने पावले पुसत. आजही बऱ्याच ठिकाणी मैदानाची सूत्रे निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडे आणि हात वर्षानुवर्षे तिथेच राबणाऱ्या माळ्यांचे. मधली जागा, कृषीची किंवा उद्यानविद्येची पदवी घेऊन आलेल्या सुपरिटेंडेंटची, अलीकडे भरू लागली आहे. परदेशी विद्यापीठांचे अभ्यासक्रम आता दूरस्थ मिळतात, पण ते लिहिले आहेत बर्फ आणि बेंटसाठी. मोसमी पावसाचे गणित इथेच मांडावे लागते.

ते गणित कोकणपट्टीत सर्वांत कडक. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर आठवडे-आठवडे ढग. हरळीला ऊन लागते आणि सावलीत ती लांब, पोकळ होते. वाफसा येत नाही म्हणून मोअर नेता येत नाही. नेला तर चाकांच्या चाकोऱ्या उरतात. समुद्राजवळ, जिथे पाणी खारट, तिथे हरळीऐवजी खार सोसणारे ‘सीशोअर पास्पॅलम’ लावण्याचा पर्याय असतो. उन्हाळ्यासाठी सांडपाणी शुद्ध करून वापरणे शहरांत वाढते आहे. त्यातले क्षार वाळूत साचतात, म्हणून अधूनमधून भरपूर पाणी देऊन ते खाली धुवावे लागतात, आणि निचरा चांगला नसेल तर तेही जमत नाही. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी केलेल्या मैदानासारख्या ठिकाणी तर डोंगराचे वाहून येणारे पाणी हा वेगळाच विषय.

पावसाळ्यात म्हणून कापणीची उंची मुद्दाम वाढवतात. पाच-साडेपाच मिलिमीटरवर गवत पानात थोडे जास्त अन्न धरते आणि तग काढते. खेळाडूंना ग्रीन संथ वाटते, ते कुरकुरतात. आश्विनात आकाश उघडले की भोके, वाळू, नत्र, आणि मग मोअरचा स्क्रू थोडा-थोडा खाली. एकदम तीनवर आणले तर हिरवे पान सगळे जाते आणि खाली पिवळे देठ उघडे पडतात. दर चार-सहा दिवसांनी पाव मिलिमीटर, मध्ये दोन-तीन दिवस थांबून पाहायचे, पुन्हा पाव. या चालीने तीन मिलिमीटर गाठेपर्यंत बहुतेक दिवाळी होऊन गेलेली असते.